साठ अंशांच्या वर

साठ अक्षांशापर्यंत जग नीट मोजलेलं आहे.
त्याच्या वर त्या यानाची नजर पोचली नाही,
म्हणून माझ्या फायलीत तिथे भोकं आहेत,
उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट मीटर खोल.
म्हणजे : ठाऊक नाही.

ग्वाल्हेरात मे महिना.
जीवाजीगंजात, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या खसाला पाणी पाजत
मी ती भोकं बुजवते आहे.
शेजारी एक जुना कागदी नकाशा,
कुणीतरी हाताने ओढलेल्या समोच्च रेषा,
मधल्या दोन पुसट.
त्या दोघींमधला उतार मी ठरवायचा.
एवढी जमीन
आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर नव्हती.

बाराला लाइट जाते.
बॅटरीवर वीस मिनिटं.
तेवढ्यात एक हिमनदी
समुद्रापर्यंत नेऊन सोडायची असते.

पहिल्यांदा चालवायला तावडेकाका बसले.
थाटीपूरला राहतात, मालवाहू विमानांवर नेव्हिगेटर होते,
आता जॉयस्टिक दोन्ही हातांनी धरतात,
एक हात दुसऱ्याला सांभाळतो.
दहा मिनिटं गप्प. मग म्हणाले,
"मुली, तुझी नदी डोंगर चढते आहे."
चढतच होती. एक शून्य जास्त पडला होता.
"आणि हे पांढरं खोटं आहे.
खऱ्या पांढऱ्यावर उतरताना जमीन दिसत नाही,
किती उरली ते पोट सांगतं."

पोट कसं काढायचं पडद्यावर?

उपग्रहाच्या फोटोंत ढग कुठला नि बर्फ कुठला
हे ओळखण्यात जून गेला.
ढगाची सावली त्याच्यापासून थोडी बाजूला पडते.
बर्फ आपली सावली स्वतःच्याच अंगावर घेतो.
हे कळलं त्या दुपारी
महाराजपुऱ्याहून लढाऊ विमान उठलं,
खिडकीची तावदानं थरथरली,
आणि क्षणभर माझा उत्तर ध्रुवही.

शेवटी एका पहाटे हजीऱ्याला गेले,
रामसिया कुशवाहच्या बर्फाच्या कारखान्यात.
पुण्याच्या मावसबहिणी लादी म्हणतात, आम्ही सिल्ली.
नाकात अमोनिया, पायाखाली खारट चिखल.
साच्यातून सिल्ली सुटते तेव्हा
तिच्या आत कुठेतरी एक रेघ धावते,
आवाज नंतर येतो.
कडेला काच, मधोमध अडकलेलं धुकं,
तड्यांच्या टोकाशी निळं, ज्याला नाव नाही.
मी गुडघ्यांवर बसून फोटो काढत होते.
रामसिया हसला, "बरफ का फोटो?"
मग गंभीर होऊन म्हणाला,
"जल्दी खींचो मैडम, पिघल रही है."

एक्केचाळीस फोटो.
सहा निवडले, ताणून मैलभर पसरले,
सूर्य क्षितिजापासून चार बोटांवर टांगला,
सावल्या इतक्या लांबवल्या
की कड्याची सावली दुसऱ्या बेटावर चढली.
एका फोटोत भुशातली ढलपी राहून गेली होती.
नखाएवढी. ताणल्यावर वीस मीटरची झाली.
पुसायला घेतली,
तेवढ्यात लाइट गेली.

श्रावण अर्धा झाल्यावर तावडेकाका परत आले.
या वेळी चष्मा पुसून बसले.
बराच वेळ किनाऱ्याकिनाऱ्याने गेले,
हिमनदीच्या तोंडाशी वळले,
उतरताना श्वास धरला.
मी त्यांच्या पोटाकडे बघत होते.
चाकं टेकली. त्यांनी इंजिन बंद केलं,
पण उठले नाहीत.
खाली कुणी तरी ढोकळ्यासाठी भांडत होतं.
इथे वारा, आणि माझं ते धुकं अडकलेलं पांढरं.

मग पडद्याला नाक लावून,
"हे काय पडलंय?"
मी काही बोलायच्या आत
स्वतःच मान हलवली,
"ओंडका असेल. येतात तिकडे,
नद्यांतून समुद्रात, समुद्रातून बर्फात,
कुठून कुठून वाहत."

हो, म्हटलं मी.
लांबून आलाय.